शब्दचर्चा: राज्यारोहण, राज्याभिषेक, सिंहासनारोहण

प्रश्न
ब्रिटिश राजघराण्यावरच्या ऐतिहासिक मालिका मी आवडीने पाहतो आणि शेजारी बसलेल्या आईला त्यांतले प्रसंग मराठीत सांगत जातो. ‘द क्राउन’च्या पहिल्या पर्वात, केनियात असलेल्या एलिझाबेथला वडिलांच्या निधनाची बातमी कळते, तेव्हा ‘आता हिचा राज्याभिषेक झाला’ असे सांगून मी मोकळा झालो. पुढे वेस्टमिन्स्टर ॲबीतला सोहळा सुरू झाला, तेव्हा आईने विचारले, ‘मग हा कुठला? हिचा तर मागेच झाला होता ना?’ ‘ॲक्सेशन’ आणि ‘कॉरोनेशन’ या दोन्हींसाठी मी एकच शब्द वापरत होतो, हे मला तेव्हा उमगले. मराठीत हे दोन वेगळे कसे दाखवावेत?

प्रतिसाद १
पहिल्यासाठी ‘राज्यारोहण’ आणि दुसऱ्यासाठी ‘राज्याभिषेक’ हे शब्द तयार आहेत. बोलताना पहिल्यासाठी ‘गादीवर आली’ एवढे म्हटले तरी पुरते. ब्रिटिश परंपरेत गादी क्षणभरही रिकामी राहत नाही, त्यामुळे सहावा जॉर्ज ६ फेब्रुवारी १९५२ रोजी झोपेतच वारला त्या क्षणी, कोणताही विधी न होता आणि तिला स्वतःला बातमी कळण्याच्याही आधी, एलिझाबेथ राणी झालेली होती. ॲबीतला सोहळा २ जून १९५३ रोजी, म्हणजे जवळजवळ सोळा महिन्यांनी झाला. या भेदाची खूण पटवायची असेल, तर आठवा एडवर्ड आठवावा. तो जानेवारी १९३६ मध्ये गादीवर आला आणि डिसेंबरात त्याने गादी सोडली. त्याच्या सोहळ्यासाठी १२ मे १९३७ ही तारीख मुक्रर झाली होती, आणि ती तशीच ठेवून त्या दिवशी त्याच्या धाकट्या भावाला मुकुट घातला गेला. एडवर्डचे राज्यारोहण झाले, राज्याभिषेक झालाच नाही, आणि तरीही तो राजा होता.

‘राज्याभिषेक’ हा आपल्याकडचा शब्द तिकडच्या सोहळ्याला उगाच चिकटवलेला आहे, असे काहींना वाटते. मला तो ‘मुकुटधारण’ या शब्दापेक्षा अधिक नेमका वाटतो, कारण त्या सोहळ्याचा गाभा मुकुट नसून अभिषेक आहे. १९५३ मध्ये राणीच्या अंगावरचा जड पोशाख उतरवून तिला साधे पांढरे वस्त्र नेसवले, गार्टर सन्मानाच्या चार मानकऱ्यांनी तिच्यावर चांदवा धरला, आणि आर्चबिशपने तिच्या हातांना, छातीला व मस्तकाला पवित्र तेल लावले. दूरचित्रवाणीचे कॅमेरे एरवी सगळे दाखवत होते, पण एवढा भाग त्यांनी दाखवला नाही. त्या विधीत वापरला जाणारा चमचा बाराव्या शतकातला आहे. मुकुट त्यानंतर येतो, आणि आसनावर बसवण्याचा विधी त्याच्याही नंतर. या शेवटच्या विधीला ‘सिंहासनारोहण’ म्हणावे आणि तो शब्द ‘राज्यारोहण’च्या जागी वापरू नये.

मराठी वाचकाला हा क्रम परका वाटण्याचे कारण नाही. शिवाजी महाराज राज्य करतच होते आणि १६७४ मध्ये रायगडावर त्यांना अभिषेक झाला. सात महानद्यांची, समुद्रांची आणि तीर्थांची उदके सोन्याच्या कलशांत भरून अभिषेक केल्याचे आणि मग महाराज सिंहासनावर बसल्याचे सभासदाची बखर सांगते. फरक आहे तो एवढाच की तिथे अभिषेकानंतर मुकुटाला मान, आणि इथे छत्राला.

प्रतिसाद २
वरील विवेचन पटले, तरी एक शंका उरते. ‘अभिषेक’ या शब्दात सिंचन आहे, कारण त्याचा धातू ‘सिच्’ म्हणजे शिंपडणे. तेल लावणे यासाठी संस्कृतात ‘अञ्ज्’ धातू आहे आणि त्यावरून आलेला आपला शब्द आहे ‘अभ्यंग’. डोळ्यांत घालायचे अंजनही त्याच धातूतले. मग काटेकोरपणे पाहता राणीला अभ्यंग झाला, असे म्हणायला हवे.

प्रतिसाद १
व्युत्पत्तीने आपले म्हणणे बिनतोड आहे. पण ‘राणीला अभ्यंग झाला’ असे वाचताच मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे नरकचतुर्दशीची पहाट, पाट, उटणे आणि बंबातले कढत पाणी येईल, आणि ॲबी नाहीशी होईल. शिवाय तेलाचा अभिषेक ही जोडी मराठीत नवी नाही. मराठी ख्रिस्ती लेखनात ‘अभिषिक्त’ हा शब्द नेमक्या याच अर्थाने रुळलेला आहे, आणि या विधीचे मूळही बायबलातच आहे. सादोक याजकाने शलमोनाला तेल लावून राजा केले, या प्रसंगावरचे हँडेलने १७२७ मध्ये रचलेले गीत तेव्हापासून प्रत्येक ब्रिटिश राज्याभिषेकात गायले जाते. मालिकेत तेलाच्या प्रसंगी त्याचे सूर ऐकू आले, तर आईंना ‘आता अभिषेक’ असे निःशंकपणे सांगावे.

प्रश्नकर्ता
दोघांचेही आभार. आता एकच विचारतो. एडवर्डने गादी सोडली तेव्हा ‘राजाने राजीनामा दिला’ असे मी आईला सांगितले होते. तेही चुकलेच का?

प्रतिसाद २
‘राज्यत्याग’ किंवा ‘पदत्याग’ म्हणावे. ‘पदच्युत झाला’ हे मात्र टाळावे, कारण त्यात दुसऱ्या कोणी खाली ओढल्याचा अर्थ येतो. राजीनामा मंजूर करायला वर कोणीतरी लागतो, म्हणून राजाच्या बाबतीत तो शब्द विचित्र वाटतो. तरी आपण अगदीच चुकला नाहीत. एडवर्डने १० डिसेंबर रोजी तीन भावांच्या साक्षीने राज्यत्यागाच्या पत्रावर सही केली, पण ते अमलात यायला संसदेचा कायदा लागला, आणि कायद्याला राजाची संमती लागते. ती ११ डिसेंबर रोजी एडवर्डच्याच नावाने दिली गेली. राजीनामा त्याचा, आणि मंजुरीही त्याचीच.