बकी बॅजर टी-शर्टवर छापायचाय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मॅडिसनच्या विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या मराठी विद्यार्थ्यांच्या गणेशोत्सवासाठी ६० टी-शर्ट करायचेत, छातीवर बकी बॅजर हवा, म्हणजे विद्यापीठाचा शुभंकर (मॅस्कॉट); बॅजर हा बिळं खोदून राहणारा प्राणी. एका मुलीने बकीला फेटा बांधलेलं फार गोड चित्र काढलंय. पण बकी हा विद्यापीठाचा ट्रेडमार्क. परवानगीशिवाय त्यात फेरफार करू नये, असं आमचं ठाम मत. त्यापेक्षा पाठीवर 'बॅजर' या नावामागची गोष्ट मराठीत द्यावी: १८२०-३० च्या दशकांत विस्कॉन्सिनात शिसं खणायला आलेले कामगार थंडीत टेकडीत बिळं खोदून राहत, म्हणून त्यांना 'बॅजर' म्हणू लागले. घाम गाळणाऱ्यांचं नाव आहे ते.

आता अडचण छपाईची. बकीचा स्वेटर लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा. लाल कापडावर लाल पट्टे बुडतात, नुसते पांढरे उरतात. खाली पांढरा थर दिला तर लाल उठतो, पण छाप जाड होऊन धुण्यात तडकतो. सरळ पांढरं कापडच घ्यावं का?

विद्यापीठाचा परवाना असलेल्या छपाईवाल्याकडून कुणी काम करून घेतलंय का? ६० नग घेतात का, आणि डिझाइनच्या मंजुरीसाठी किती आठवडे धरावेत? फेट्यासाठी रीतसर परवानगी कुणाला मिळाली असेल, तर अर्जासोबत काय जोडलं तेही सांगा.