न्यूइंग्टनचं एआरआरएल मुख्यालय: भारतीय लायसन्सवर डब्ल्यू१एडब्ल्यूवरून बोलता येतं का?

पॅडलवाला

सप्टेंबरात दीड महिना न्यू जर्सीत एडिसनला मुलीकडे मुक्काम आहे. त्यातला एक दिवस काढून कनेटिकटमध्ये एआरआरएलचं, म्हणजे अमेरिकेतल्या हौशी रेडिओवाल्यांच्या (हॅमच्या) संघटनेचं, मुख्यालय आणि तिथलं डब्ल्यू१एडब्ल्यू हे स्टेशन बघायचं ठरवलंय. माझं हॅमचं लायसन्स भारतातलं, जनरल ग्रेडचं, मुदत शिल्लक. नागरिकत्व भारतीय.

आधी वेळ घ्यावी लागते, की थेट दारात जाऊन उभं राहिलं तरी चालतं? तिथल्या रिगवर (रेडिओ संचावर) बसू देतात का? पुण्यातली दोन-तीन मंडळी हेडफोन लावून बसायला तयार आहेत, त्यांना कुठली वेळ आणि कुठला बँड (फ्रिक्वेन्सींचा पट्टा) सांगू? सौ. बरोबर असतील, त्यांच्याकडे लायसन्स नाही. त्यांना माइकवर नमस्कार-चमत्कार करता येईल का?

जावई म्हणतात, त्यापेक्षा इथली टेक्निशियनची, म्हणजे अमेरिकन लायसन्सच्या पहिल्या पायरीची, परीक्षाच देऊन टाका, पस्तीस प्रश्न तर आहेत. तेही डोक्यात आहे.

लाँगपाथ

पत्ता २२५ मेन स्ट्रीट, न्यूइंग्टन. एकाच आवारात दोन इमारती आहेत. मोठ्या इमारतीत ऑफिसं आणि लॅब, तर समोरच्या छोट्या विटांच्या इमारतीत डब्ल्यू१एडब्ल्यू स्टेशन. बरेच जण एक बघून दुसरी विसरतात.

पाहुण्यांना ऑपरेट करायची वर्षानुवर्षं छापली जाणारी वेळ म्हणजे सोमवार ते शुक्रवार, सकाळी १० ते १२ आणि दुपारी १ ते ३.४५. पावणेचारला उठवतात, कारण चार वाजता स्टेशनचं स्वतःचं मोर्स सरावाचं प्रक्षेपण सुरू होतं. शनिवार-रविवार धरू नका. सप्टेंबरचा पहिला सोमवार लेबर डे, तोही बाद. निघण्याआधी आठवडाभर मेल टाकून तारीख आणि वेळ पक्की करा. मेलमध्ये लिहा की टूर आणि ऑपरेटिंग दोन्ही हवं, नाहीतर नुसती टूर मिळते.

एडिसनहून गाडीने सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास पडतं. सकाळी न्यूयॉर्कच्या पुलांवर अडकलात तर दहाची वेळ हातची गेली, म्हणून दुपारची पाळी मागणं शहाणपणाचं. गाडी नसेल तर ग्रँड सेंट्रलहून मेट्रो-नॉर्थने न्यू हेवन, तिथून हार्टफर्ड लाइनने बर्लिन स्टेशन आणि पुढे टॅक्सी. हे बर्लिन कनेटिकटमधलं, तिकीट काढताना बघून घ्या.

बघण्यासारखं बरंच आहे. संस्थापक हायराम पर्सी मॅक्सिम यांचा 'ओल्ड बेट्सी' हा फिरत्या स्पार्क गॅपचा, म्हणजे ठिणग्यांवर चालणारा, ट्रान्समीटर आहे. भिंतीवर 'वूफ हाँग' आहे: दोन वाकड्या काटक्या एकमेकींना बांधलेलं, चिमटा म्हणावं की आकडा असं ध्यान. बँडवर बेशिस्त वागणाऱ्याला शिक्षा करायचं हत्यार म्हणून मॅक्सिम 'द ओल्ड मॅन' या टोपणनावाने एआरआरएलच्या क्यूएसटी मासिकात त्याच्याबद्दल लिहीत, आणि १९१९ साली ती वस्तू संचालकांपुढे खरोखर आली. लॅब दाखवतात का ते जरूर विचारा. क्यूएसटीत रिगच्या परीक्षणात जे आकडे येतात ते तिथे मोजले जातात.

संघटनेचा जन्मही याच परिसरातला. १९१४ साली हार्टफर्डहून मॅक्सिम यांचा सिग्नल स्प्रिंगफील्डला पोचेना, म्हणून विंडसर लॉक्सच्या एका हॅमने निरोप मधल्या मध्ये पुढे दिला. त्यावरून 'रिले लीग' सुचली. ब्रॅडली विमानतळ आज त्याच विंडसर लॉक्समध्ये आहे. १९३६ साली फेब्रुवारीत मॅक्सिम गेले आणि मार्चच्या पुरात हार्टफर्डचं जुनं स्टेशन बुडालं. १९३८ साली न्यूइंग्टनला स्मारक म्हणून नवं स्टेशन उभं राहिलं, त्याला त्यांचाच डब्ल्यू१एडब्ल्यू हा कॉल (स्टेशनची ओळख) मिळाला. ऑफिसं मात्र १९६३ साली इथे आली.

डिटडा

नियमांचं सांगतो. भारत आणि अमेरिका यांच्यात एकमेकांची लायसन्सं मानायचा परस्पर करार आहे, त्यामुळे एफसीसीकडे (अमेरिकेच्या रेडिओ नियामकाकडे) अर्ज वगैरे काही नाही. मूळ लायसन्स, त्याची एक प्रत आणि पासपोर्ट जवळ ठेवा. आपल्या लायसन्सचं पीडीएफ नुसतं मोबाइलवर दाखवू नका, छापून न्या.

सवलत कुठवर, हे नीट वाचा. जास्तीत जास्त अमेरिकन एक्स्ट्रा क्लासइतकी (ती तिथली सर्वात वरची पायरी), पण तुमच्या भारतीय लायसन्सच्या अटीही सोबत लागू. म्हणजे दोन्हीकडे जे चालतं तेवढंच. आपल्या जनरल ग्रेडला ४०० वॅट, अमेरिकेत कमाल १५०० वॅट. लिनियर (ताकद वाढवणारा अँप्लिफायर) जोडलेला असेल तर बसण्याआधी तिथल्या ऑपरेटरला ४०० चा आकडा सांगा, तो ड्राइव्ह (लिनियरला दिलेली ताकद) कमी करून देईल.

खरी गोची फ्रिक्वेन्सीची. आपल्याला ७.०९० मेगाहर्ट्झवर निवांत गप्पा मारायची सवय असते. अमेरिकेत ४० मीटरच्या बँडवर फोन (मोर्स नव्हे, आवाजात बोलणं) ७.१२५ पासून वर. आपला बँड ७.२०० ला संपतो. उरलं ७.१२५ ते ७.२००. त्यातही एलएसबीत (लोअर साइडबँडमध्ये) आवाज डायलच्या खाली पसरतो, म्हणून डायल ७.१२८ च्या खाली नेऊ नका. २० मीटरवर फोन १४.१५० ते १४.३५०, इथे यूएसबी (अप्पर साइडबँड), आवाज वर पसरतो, म्हणून डायल १४.३४७ च्या वर नको. १७ मीटरला १८.११० पासून, १५ मीटरला २१.२०० पासून. पुण्याची मंडळी १४.१२० वर हाका मारत बसली तर तुम्हाला ऐकू येतील, पण तिथे उत्तर देता येणार नाही. त्यांना आधीच १४.१५० च्या वर बोलवा.

स्टेशनवर कॉल डब्ल्यू१एडब्ल्यूच द्यायचा. बाहेर स्वतःच्या हँडीवर (हातातल्या छोट्या संचावर) बोलायचं असेल तर न्यू जर्सीत डब्ल्यू२ आणि कनेटिकटमध्ये डब्ल्यू१, मग तिरपी रेघ आणि मग तुमचा कॉल. प्रत्येक संपर्कात निदान एकदा गाव आणि राज्य इंग्रजीत सांगायचं. गप्पा मराठीत चालतात, पण कॉलसाइन इंग्रजीत, दर दहा मिनिटांनी आणि शेवटी. हँडीवरही तोच दुहेरी नियम: आपला २ मीटर १४६ ला संपतो आणि तिकडचे बरेचसे रिपीटर (सिग्नल झेलून पुढे पाठवणारी स्टेशनं) १४६ ते १४८ मध्ये आहेत, त्यामुळे ऐकण्यावरच समाधान मानावं लागतं.

वहिनींबद्दल: लायसन्सधारक शेजारी बसून रिग सांभाळत असेल तर त्या अमेरिकन स्टेशनशी बोलू शकतात. पुण्याशी नाही. भारत-अमेरिकेत त्रयस्थ व्यक्तीच्या संदेशांचा करार नाही. पुणे लागलं की माइक तुमच्याच हातात.

हिरवा दिवा

जावई बरोबर सांगतायत की. टेक्निशियनला ३५ पैकी २६ बरोबर आले की पास. एफसीसीची फी ३५ डॉलर, वर परीक्षा घेणाऱ्यांची थोडी. नागरिकत्व लागत नाही, अमेरिकेतला टपालाचा पत्ता लागतो, तो मुलीचा द्या. आठवडाभरात अमेरिकन कॉल!

डिटडा

हिरवा दिवा, लाल करा तो. ज्याच्याकडे एफसीसीचं लायसन्स आहे त्याला परस्पर कराराची सवलत मिळत नाही, असं नियमातच आहे. टेक्निशियन झाल्या दिवशी काकांची २० मीटरची दारं बंद. एचएफवर (३ ते ३० मेगाहर्ट्झमध्ये) फोनसाठी उरेल फक्त २८.३०० ते २८.५००, बाकी ८०, ४० आणि १५ मीटरवर मोर्सचे तुकडे, तेही २०० वॅटच्या आत. परीक्षा द्यायचीच तर न्यूइंग्टनहून परत आल्यावर द्या, किंवा एका बैठकीत जनरल, एक्स्ट्रापर्यंत जायची तयारी करून द्या. आणि ज्यांनी अमेरिकन नागरिकत्व घेतलंय त्यांना भारतीय कॉलवर तिथे मुळीच बोलता येत नाही, हेही इथे वाचणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं.

ग्रेलाइन

सप्टेंबरात तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे. सकाळी १० म्हणजे पुण्यात संध्याकाळी ७.३०, दुपारी १२ म्हणजे ९.३०. जेवणानंतरची पाळी घेतलीत तर पुण्यात रात्री १०.३० ते १.१५. पुण्याशी बोलायचं असेल तर सकाळचीच वेळ मागा, लाँगपाथ यांच्या पुलांचं काय ते बघा. आदल्या रात्री हार्टफर्डजवळ मुक्काम करणं उत्तम.

२० मीटरपासून सुरुवात करा, १५ आणि १७ वर नजर ठेवा. बीम (एका दिशेला रोखायचा अँटेना) उत्तरेपासून साधारण ३४ अंशांवर, अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर. नकाशावर पूर्वेला दिसणारं पुणे रेडिओला ईशान्येच्याही उत्तरेकडून गाठावं लागतं. हा मार्ग ६५ अंश उत्तर अक्षांशापर्यंत चढतो, म्हणजे ध्रुवीय प्रकाशाच्या पट्ट्यातून जातो. त्यामुळे सौर प्रवाह (सूर्याकडून येणाऱ्या रेडिओ ऊर्जेचा आकडा) कितीही चांगला असला तरी के निर्देशांक (पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातल्या खळबळीचा आकडा) ४ च्या वर गेला की आवाज फडफडतो किंवा गायबच होतो. तसा दिवस निघाला तर बीम २१४ अंशांवर, लाँग पाथला (पृथ्वीच्या उलट बाजूच्या लांब वाटेला) फिरवून बघा.

एक अडचण मात्र कोणी सांगत नाही. डब्ल्यू१एडब्ल्यूने सीक्यू ('कुणीही बोला' अशी हाक) दिला की अर्धी अमेरिका तुटून पडते, त्यात पुण्याचा बारीक सिग्नल कुठे शोधणार? सीक्यू न देता पुण्याला ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर हाका मारू द्या, तुम्ही आधी ऐका आणि मग उत्तर द्या. आणि लॉग यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) लिहा; स्थानिक वेळेत चार तास मिळवायचे. हाताने लिहिताना इथेच चुका होतात आणि मग क्यूएसएलची (संपर्काच्या पावती-कार्डाची) वेळ जुळत नाही.

डीएक्ससीसीसाठी (शंभर देशांशी संपर्क केल्याच्या एआरआरएलच्या प्रमाणपत्रासाठी) कार्डं साठलेली असतील तर तीही मेलमध्ये विचारून बरोबर न्या. परदेशी अर्जदाराला एआरआरएलचं सदस्यत्व लागत नाही.

पॅडलवाला

परीक्षा रद्द, सकाळची वेळ नक्की, मुक्कामाचं जावयांवर सोपवतो. शेवटचं एक: स्वतःचं पॅडल (मोर्सची दोन पात्यांची की) नेऊ का? एक जुनी हातकीही (वर-खाली दाबायची साधी मोर्स की) आहे, तिच्यावरच हात बसलाय.

डिटडा

दोन्ही न्या. पॅडलला स्टीरिओ प्लग लागतो; मोठा ६.३५ मिमी आणि छोटा ३.५ मिमी असे दोन्ही कन्व्हर्टर पिशवीत टाका. हातकीला मोनो प्लग असेल तर सांभाळा. रिगचा कीअर (डिट-डॅश आपोआप बनवणारी सोय) चालू असताना तो घातला की डॅशचा संपर्क जमिनीला टेकतो आणि ट्रान्समीटर आपोआप डा-डा-डा करत सुटतो, तोही डब्ल्यू१एडब्ल्यूच्या नावाने. आधी मेन्यूत कीअर बंद करून स्ट्रेट की निवडा, मगच प्लग खोचा. हातकीच्या वायरला स्टीरिओ प्लग लावून मधली रिंग मोकळी ठेवलीत तर ही भानगडच राहत नाही. घरीच डाग देऊन न्या, दहा मिनिटांचं काम आहे.