जानेवारीत परप्रांतातले आठ पाहुणे: हुरडा, घरचं जेवण, मुक्काम कसा जमवावा?

उत्तर_कसबा:
नमस्कार मंडळी. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सोलापुरात, उत्तर कसब्यातल्या घरी आठ पाहुणे येतायत. चौघं केरळचे, दोघं कोलकात्याचे आणि एक जर्मन जोडपं. जिथं जातील तिथं हॉटेल टाळून लोकांच्या घरी उतरायचं, घरचे जेवतील ते जेवायचं, असा त्यांचा शिरस्ता. उद्या आपण तिकडं गेलो की ते आपली सोय करतात. १२ ला रात्री येऊन १६ ला सकाळी निघणार. एक सकाळ मोहोळकडं नात्यातल्या शेतावर हुरडा आहे, बाकी जेवणं घरी.

अडचणी तीन. हुरड्याचा अंदाज नाही: किती कणसं, कधी, कशी? सगळा व्याप टाळून हुरडा पार्टीवाल्यांकडं माणशी पैसे भरून मोकळं व्हावं का? आणि पाहुणे बैठकीत, घरच्या बायका चुलीपुढं, मधे आमची ताटं घेऊन पळापळ, असं दरवेळी होतं ते टाळायचंय. इतक्या लांबून येऊन कुणाशी चार शब्द न बोलता नुसतं जेवून गेले तर काय उपयोग?

कोरडवाहू:
आधी नातेवाइकांना फोन करून विचारा, पेरा कधीचा आणि वाण कोणतं. रब्बीची ज्वारी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेरतात. हुरडा साधारण तीन महिन्यांनी येतो आणि एका पेऱ्याचा जेमतेम आठ-दहा दिवस टिकतो. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातला पेरा असेल तर तुमच्या तारखा बसतात. गणेशोत्सवाच्या आसपासचा असेल तर दाणा भरून कडक झालेला असणार. खात्री करायला दाणा नखानं दाबा. पांढरं दूध उडालं तर लवकर आहे, कणकेसारखा दबला आणि रंग हिरवा असला तर काढा, नख रुतेना तर ती ज्वारी भाकरीला ठेवा.

वाणाचं महत्त्व त्याहून जास्त. आपल्याकडं रान बहुतेक मालदांडीचं. भाकरीला तिला तोड नाही, पण हुरड्याला नको: बोंड, म्हणजे दाण्यावरचं टरफल, दाणा सोडत नाही, चोळून हात सोलवटतात आणि कूस, म्हणजे बारीक टोचरे तंतू, घशाला लागते. गुळभेंडी, सुरती, कुचकुची यांतलं काही बांधाकडेला चार सऱ्या लावलेलं असतं, ते मागा. राहुरी विद्यापीठाचं फुले उत्तरा तर खास हुरड्यासाठीचंच.

कणसं माणशी चार धरा. पाहुणे आठ, तुम्ही आणि शेतावरची मंडळी मिळून पंधरा, म्हणजे साठ. वर दहा जास्त, कारण नवख्याच्या हातून जळतात. आदल्या संध्याकाळी काढून ठेवू नका, गोडी उतरते. लागतील तशी दहा-दहा कापून आणायची.

आगटी: हातभर रुंद, वीत-दीड वीत खोल खड्डा, वाऱ्याच्या दिशेनं बसायची जागा सोडून. कडब्याची गंजी लांब हवी आणि पाण्याची घागर शेजारी. वीस-पंचवीस गोवऱ्या अर्धा तास आधी पेटवा. सगळ्यांची चूक इथंच होते. जाळावर कणीस धरलं की बाहेरून काळं, आतून कच्चं आणि धुराचा वास. जाळ बसून वर पांढरी राख धरली, की दांडा बाहेर ठेवून कणसं राखेखालच्या निखाऱ्यात खुपसायची, फिरवत राहायचं. दोन-तीन मिनिटांत दाणे फुगतात, वास बदलतो. बाहेर काढा, राख झटका आणि गरम असतानाच गोणपाटावर चोळा. हात भाजतो म्हणून गार होऊ दिलं तर बोंड चिकटतं आणि दाणा चिवट होतो. मग सुपात पाखडून थेट मधल्या कापडावर.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर याच कामात आहे. प्लेटा भरून हातात देऊ नका. एक भाजणारा, तिघं चोळणारे, एक पाखडणारा, बाकी खाणारे आणि दर घाण्याला माणसं बदलायची. पहिली दहा कणसं शेतावरच्या कुणीतरी भाजून दाखवायची, नंतर पाहुण्यांच्या हाती. भाषा येत नसली तरी "आता काढ, जळतंय" हे हातवाऱ्यांनी बरोबर कळतं. गोल बसायचं, ढीग एकच. सोबत शेंगा चटणी, गूळ, घट्ट दही, ढाळा (हिरवा हरभरा), बोरं, ऊस. वरून घटाघटा पाणी प्यायला देऊ नका, तासाभरानं ताक द्या. सकाळी साडेआठला सुरू, अकराच्या आत संपवा, पुढं ऊन आणि वारा दोन्ही त्रास देतात.

पैशाचं: कणसं गेली तरी कडबा उभा राहतो, पण दाणा गेला. तो हिशोब तुम्ही आधीच एकटे जाऊन मिटवा. नातं आहे म्हणून फुकट घेऊ नका आणि निघताना पाहुण्यांसमोर पाकीट काढू नका.

चूल_आणि_परात:
सगळ्यात आधी एक विचारून घ्या: कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का? आपल्याकडं चटणीत शेंगा, भाजीत कूट, आमटीत कूट, तेलही बऱ्याच घरी शेंगाचंच. "चटणी वाढू नका" एवढ्यानं भागत नाही. कुणाला असेल तर भांडी, तेल, उखळ सगळं वेगळं लागेल. हे आज विचारा, ताटावर बसल्यावर नको.

भात दोन्ही वेळेला ठेवा. केरळ-बंगालची माणसं कौतुकानं दोन दिवस भाकरी खातील, तिसऱ्या दिवशी पोट बोलेल. आमटीत काळं तिखट निम्मं घाला आणि ठेचा वेगळा द्या. ज्याला झेपेल तो घेईल. आपल्या नेहमीच्या येसर आमटीचा पहिला घास त्या जर्मन जोडप्याला ठसका लावेल.

आता चुलीपुढचा प्रश्न. गरम भाकरीचा हट्ट सोडा. पंधरा माणसांना माणशी दोन म्हटलं तरी तीस भाकऱ्या, म्हणजे एकजण दीड तास तव्यापुढं. त्यापेक्षा वीस आधी करून फडक्यात गुंडाळून टोपलीत ठेवा, सोबत कडक भाकरी असू द्या आणि तवा बंद करून सगळ्यांनी एकाच पंगतीत बसा. भांडी मधे, ज्यानं त्यानं वाढून घ्यायचं. "आधी पाहुणे" म्हणत घरातली बाई पंगतीबाहेर राहिली की तिच्याशी कुणी बोलत नाही, आणि पाहुण्यांना विचारायचं असतं ते नेमकं तिलाच.

उरलेल्या दहा भाकऱ्या पाहुण्यांकडून थापून घ्या. पीठ आठवड्याच्या आतलं हवं. विरी (चिकटपणा) गेलेल्या पिठाची भाकरी कडेला फुटते आणि नवख्याला वाटतं आपलंच चुकलं. उकळत्या पाण्यात थोडं पीठ भिजवून मग मळलं की सोपं जातं. लिंबाएवढा गोळा द्या, मोठी भाकरी उचलताना तुटते. तव्यावर टाकल्यावर वरून पाणी लगेच फिरवायचं आणि ते सुकायच्या आत उलटायची, उशीर झाला की भेगा पडतात.

चटणीही त्यांच्याकडून कुटून घ्या. पाव किलो शेंगदाणे मंद आचेवर पंधरा मिनिटं भाजून, फोलपटं काढून, पंधरा लसूण पाकळ्या, चमचाभर जिरं, तीन चमचे तिखट, मीठ. उखळात कुटताना तेल सुटून चटणी गोळा धरते. मिक्सर सलग फिरवला तर गरम होऊन लगदा होतो. उखळ नसेल तर एकेक सेकंद थांबत फिरवा. शेंगदाणे पूर्ण गार होऊ द्या, नाहीतर वाफ धरून चटणी लवकर खवट होते.

बाराबंदी:
अहो, तारखा पाहिल्यात का? हा तर गड्डा, आपल्या ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांची यात्रा! भोगीला ६८ लिंगांना तैलाभिषेक, संक्रांतीला मंदिराजवळच्या सम्मती कट्ट्यावर अक्षता, किंक्रांतीला होम, त्यानंतर शोभेचं दारूकाम. मिरवणुकीतले उंच मानाचे सातही नंदीध्वज यात्रेचे मानकरी हिरेहब्बू यांच्या वाड्यापासून निघतात, म्हणजे तुमच्याच भागातून. त्या दिवसांत मिरवणुकीच्या रस्त्यावर रिक्षा येणार नाही. १२ ला गाडी उशिरा आली तरी चालेल, १३ ला सकाळी बॅगा घेऊन येणं अवघड.

त्यामुळं भोगीला शेतावर जाऊच नका. त्या दिवशी दुपारी तीळ लावलेली बाजरीची भाकरी, भोगीची भाजी, लोणी घरीच करा आणि मिरवणूक दाराशी बघा. अक्षतेला जायचं तर पाहुण्यांना आधी सांगून ठेवा: सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचा विवाह, त्याच्या या अक्षता. गर्दीत उभं राहून विचारायला सवड मिळत नाही. हातात तांदूळ द्या, बघे म्हणून उभं करू नका. चपला घरी, मोबाइल आतल्या खिशात, चुकामूक झाली तर भेटायची जागा आधी ठरलेली. हुरडा १५ ला ठेवा.

जर्मन जोडप्याचं एक: परदेशी माणूस घरी मुक्कामाला असला तरी त्याची नोंद २४ तासांच्या आत ऑनलाइन करावी लागते, हॉटेलसारखीच. लोक तिला 'फॉर्म सी' म्हणतात. पासपोर्ट, व्हिसाची छायाचित्रं आधीच मागवून घ्या.

माळावरचा:
पार्टीवाल्यांना सरसकट नावं ठेवू नका. पन्नास माणसं असतील, म्हातारी असतील, संडासाची सोय लागत असेल तर तेच बरं. पण तिथं हुरडा भाजून, चोळून, वाटीत येतो. बैलगाडीत चक्कर, झोका, फोटो, जेवण, झालं. आठ माणसांसाठी आणि तुमचा हेतू बघता शेतच बरं. फक्त स्वच्छतागृहाचं नातेवाइकांना आज विचारा. बायका पाहुण्या असतात आणि संकोचानं कुणी बोलत नाही, सकाळभर पाणी न पिता बसतात. वस्तीवर सोय नसेल तर जवळच्या ओळखीच्या घरी सांगून ठेवा.

उत्तर_कसबा:
सगळ्यांचे आभार. हुरडा १५ ला हलवतोय. पेरा दसऱ्याच्या आसपासचा आहे म्हणाले, वाण मालदांडीच, पण शेजाऱ्याकडं गुळभेंडीच्या पाच सऱ्या आहेत. निघताना पाहुण्यांना काय द्यावं? चादर द्यायचा विचार होता.

चूल_आणि_परात:
आठ चादरी विमानानं कोण नेणार? नॅपकिन किंवा पंचा द्या आणि कडक भाकरी. ती पूर्ण वाळलेली बघून घ्या, प्लास्टिकऐवजी कागदात बांधा आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात उभी लावा, आडवी ठेवली तर चुरा होतो. केरळच्या दमट हवेत मऊ पडली तर तव्यावर मिनिटभर गरम करायची, हे चिठ्ठीवर लिहून आत टाका. चटणी कोरड्या बरणीत, झाकणाला टेप लावून.

कोरडवाहू:
शेजाऱ्याच्या सऱ्यांना आजच शब्द टाका. संक्रांतीच्या सुट्टीत गुळभेंडी आधी उचलली जाते. आणि १० तारखेला एकदा जाऊन दाणा दाबून बघा.