मदत हवी आहे: चांद्रमातीसाठीच्या ड्रिलमध्ये पिशवी पीळ खाते

लुना-२४ या सोव्हिएत चांद्रयानाने १९७६ मध्ये सुमारे २ मीटर खोल ड्रिल करून १७० ग्रॅम माती आणली. नमुना मऊ नळीसारख्या पिशवीत घेऊन ती गुंडाळली, म्हणून थरांचा क्रम टिकला. छांग-अ-५ या चिनी यानाचं ड्रिल मात्र साधारण १ मीटरवरच थांबलं.

तीच पद्धत छोट्या मॉडेलवर चालू आहे. दख्खनचा बेसाल्ट दळून, १ मिमी चाळणीतून गाळून, थोडी ४-५ मिमीची खडी मिसळून थराथराने ठोकून भरलाय. ड्रिलचं आतलं भोक १२ मिमी. खडीचे दोन खडे तोंडाशी आडवे बसले की कमान धरतात, पिशवी पिळली जाते आणि खालचा माल वर चढतच नाही.

आतली नळी बेअरिंगवर स्थिर ठेवली तर पीळ थांबेल का? पिशवीला कापड कोणतं? एका फेऱ्याला ड्रिल किती मिलिमीटर खाली उतरवावं? पाणी किंवा वंगण सुचवू नका, चंद्रावर ड्रिल कोरडंच चालतं.