वाद जिन्यावरून कुठे गेला?

नौपाडाकर
रामभाऊ म्हाळगी व्याख्यानमालेच्या दिवसांत आमच्याकडे रात्रीचे जेवण हटकून उशिरा होत असे, कारण ऐकून आलेल्या व्याख्यानावरून वडील आणि काका यांचा वाद जिन्यावरच सुरू व्हायचा. आता वृत्तवाहिनीवर सहा चौकटींतून सहा माणसे एकाच वेळी बोलतात आणि ते संपल्यावर घरात कोणाला त्यावर बोलावेसेही वाटत नाही. माध्यमे बदलली, की ऐकून घेण्याची आपली सवयच सुटली?

कोपरीचा वाचक
मला यात सवयीपेक्षा हिशेब अधिक दिसतो. उन्हाळ्यात शहापूरच्या पाड्यांवर पाणी कसे पोहोचते हे पाहायला बातमीदार पाठवायचा, तर गाडी, कॅमेरा आणि अख्खा दिवस खर्ची पडतो. चार प्रवक्त्यांना तासभर बोलते ठेवायला त्या मानाने फारसे काही लागत नाही. मत स्वस्त पडते, माहिती महाग.

सानपाड्याहून
पूर्वीचे सगळे वाद सभ्य होते, असे मात्र समजू नये. आगरकरांनी 'केसरी' सोडून १८८८ मध्ये 'सुधारक' काढले आणि पुण्यातील सनातन्यांनी त्यांची जिवंतपणीच प्रेतयात्रा काढली. ज्यांच्या प्रश्नांना तेव्हाच्या पत्रांत जागाच नव्हती, त्यांच्यासाठी डॉ. आंबेडकरांना ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू करावे लागले. आज कोणालाही लिहिता येते, हा लाभ लहान नाही (माझ्यासारख्याचे पत्र एके काळी संपादकांच्या टोपलीतच गेले असते).

फरक मला वेगळ्या ठिकाणी दिसतो. छापलेल्या शब्दाला धनी असे; 'केसरी'तील मजकुरासाठी १८९७ मध्ये टिळक तुरुंगात गेले. गटागटांतून फिरणाऱ्या निरोपाला धनीच नसतो. व्हॉट्सॲपने २०१८ मध्ये भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. त्यामुळे वेग कमी झाला असेल, पण तो मुळात लिहिला कोणी, हे काही वाचणाऱ्याला कळू लागले नाही.

नौपाडाकर
धन्याचा मुद्दा पटला. आमच्या इमारतीच्या पुनर्विकासात विकासकाने करार मोडल्याचा निरोप महिनाभर गटावर फिरत होता आणि त्यावरून दोन मजल्यांचे बोलणे बंद झाले. सर्वसाधारण सभेत सचिवांनी वही उघडून, हे कोणाच्या नावाने नोंदवू, असे विचारले, तेव्हा एकही हात वर झाला नाही.