सीझर 3: गोदामात मडकी आहेत, तरी घरं कासावरून परत हॉवेलवर. चुकतंय कुठे?

रामबाग_तिसरी_गल्ली (इंदूर)

नमस्कार मंडळी. 1998 चा मूळ सीझर 3, म्हणजे रोमन शहर उभारायचा गेम. कोणताही मॉड (बाहेरून जोडलेला बदल) नाही. लोकसंख्या 2,800 च्या आसपास गेली की दर वेळी तेच होतं. घरं छोट्या कासापर्यंत चढतात, वर्षभर टिकतात आणि मग एकेका गल्लीतून हॉवेलवर, म्हणजे घराच्या खालच्या पायरीवर, उतरायला लागतात. थोड्या वेळाने ती पुन्हा चढतात, पुन्हा उतरतात.

मांडणी अशी: रस्त्यांची सरळ जाळी, दर सहा टाइलवर (नकाशावरच्या चौकटींवर) चौक. मधोमध तीन बाजार. मातीच्या खाणी 2, मडक्यांचे कारखाने 4, गोदाम 1. गोदामात बहुतेक वेळा पाच-सहा गाड्या मडकी दिसतात. मडक्यांची निर्यातही चालू आहे, कारण पैसा तिथूनच येतो. अन्न पुरेसं आहे, कारंजी आहेत, देवळं आहेत.

दुसरा प्रश्न सिमसिटी 4 बद्दल, तोही शहर उभारायचाच गेम. विंडोज 11 वर तासाभरात गेम बंद पडतो, आणि शेजारच्या शहरांना रस्ते जोडले की प्रवाशांचे आकडे अशक्य वाटावेत इतके फुगतात.

आणि तिसरं, सवड असेल त्यांनी सांगा. वीस वर्षांपेक्षा जुने हे गेम इतका त्रास देऊनही हातातून सुटत का नाहीत? नव्या गेममध्ये शहर फार देखणं दिसतं, पण बिघाड नेमका कुठे झाला ते बोट ठेवून सांगता येत नाही.

सुदामानगर_ई

भाऊ, दोष त्या जाळीत आहे. मडकी गोदामात असणं आणि मडकी घरात पोचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

बाजारातून दोन बाया निघतात. एक खरेदीची. ती थेट कोठारात किंवा गोदामात जाते, माल घेते आणि परत येते. तिला रस्ता माहीत असतो. दुसरी वाटपाची. तिला ठरलेलं ठिकाणच नसतं. ती रस्त्याने फिरते, ज्या घरांच्या दोन टाइलच्या आतून जाईल त्यांना माल देते, साधारण 26 टाइल झाल्या की जवळच्या वाटेने परत फिरते. चौक आला की ती कुठेही वळू शकते. राजवाड्याच्या चौकात पहिल्यांदा उभा राहिलेला पाहुणा जसा कुठल्याही गल्लीत शिरेल, तसं. तुमच्या जाळीत दर सहा टाइलवर चौक आहे, म्हणजे एका फेरीत चार वेळा तिची वाट बदलू शकते. एखादी गल्ली लागोपाठ तीन-चार फेऱ्यांत सुटली की तिथल्या घरांतली मडकी संपतात आणि घर उतरतं. पुढच्या फेरीत ती आली की घर चढतं. तुम्हाला जे वर-खाली दिसतंय ते हेच.

पुजारी, वैद्य, शाळेची मुलं, प्रीफेक्ट (आग विझवणारा पहारेकरी), इंजिनिअर, सगळे असेच फिरतात. फिरण्याची लांबी मात्र सगळ्यांची सारखी नाही.

उपाय: चौक काढून टाका. आत 4 बाय 10 टाइलची जागा सोडा आणि भोवती एकच बंद रस्ता घ्या. हा वेढा 32 टाइलचा होतो. बाजारवाली 26 टाइल चालली की परतीची जवळची वाट म्हणजे पुढच्या 6 टाइल, त्यामुळे ती न चुकता पूर्ण वेढा करते. आतली घरं दोन्ही बाजूंनी रस्त्यापासून दोन टाइलच्या आत राहतात. बाजार, शाळा, देऊळ, स्नानगृह हे वेढ्याच्या बाहेरच्या कडेला लावा. बाजाराचा स्वतःचा परिसरावर वाईट परिणाम होतो, म्हणून तो घरांना चिकटवू नका. मध्ये दोन-तीन टाइल बाग टाका.

वेढा बाकीच्या शहराला एकाच ठिकाणी जोडा आणि त्या सांध्यावर वेशीचा दरवाजा बसवा. भोवती तटबंदी असण्याची गरज नाही. दरवाजा भटक्या वॉकरना, म्हणजे ठिकाण न ठरवता फिरणाऱ्या माणसांना, अडवतो. हातगाडीवाले, खरेदीची बाई, नवे रहिवासी हे मात्र आरपार जातात, कारण त्यांना ठिकाण ठरवून दिलेलं असतं.

आणि सगळं शहर एकदम पाडू नका. एक वेढा बांधा, त्यातली घरं छोट्या कासावर दोन वर्षं स्थिर राहतात का ते पाहा, मगच दुसऱ्याला हात घाला.

नारायणबाग_जुना_खेळाडू

वरचं सगळं बरोबर, पण निर्यातीकडे लक्ष गेलं नाही. व्यापाराच्या सल्लागाराकडे मडक्यांसमोर किती गाड्या राखून बाकीच्या विकायच्या तो आकडा असतो. तिथे शून्य असेल तर काफिला येतो आणि वर्षाच्या ठरलेल्या मर्यादेपर्यंत, म्हणजे 15, 25 किंवा 40 गाड्या, सगळं घेऊन जातो. तुम्ही गोदाम पाहिलंत तेव्हा पाच-सहा गाड्या असतील, काफिल्यानंतर एकही नसेल. आकडा 8 वर ठेवा आणि लोकसंख्या वाढेल तसा वाढवा.

खाणी आणि कारखाने यांचं तुमचं प्रमाण ठीक आहे. एका खाणीची माती दोन कारखान्यांना पुरते. पण तिथे पूर्ण माणसं असतील तर. प्रत्येकाला 10 माणसं लागतात, म्हणजे सहा इमारतींना 60. इथे एक दुष्टचक्र सुरू होतं. मडकी कमी पडली की घर उतरतं, उतरलेल्या घरात कमी लोक मावतात, उरलेले बेघर होऊन शहर सोडतात. काम करणारे हात घटतात, कारखाना अर्ध्या माणसांवर चालतो, मडकी आणखी कमी होतात. कामगार सल्लागाराकडे नऊ खाती असतात आणि त्यांना अग्रक्रम देता येतो. पाणी, अन्न आणि प्रीफेक्ट वर ठेवा, उद्योग त्यांच्या लगेच खाली. अग्रक्रम न दिल्यास तुटवडा सगळ्यांत वाटला जातो, आणि एकही खातं धड चालत नाही.

अजून दोन गोष्टी तपासा. कारखान्याचा हातगाडीवाला एका वेळी एकच गाडी नेतो. तो बाहेर असताना पुढचा माल तयार झाला तर तो परत येईपर्यंत तसाच पडून राहतो. म्हणून गोदाम कारखान्यांच्या शेजारीच हवं. आणि गोदामाचे आठ कप्पे, प्रत्येकात चार गाड्या, म्हणजे एकूण 32. कच्च्या मातीने ते कप्पे अडवले तर तयार मडक्यांना जागाच उरत नाही. त्या गोदामाच्या विशेष सूचनांमध्ये माती ‘स्वीकारू नका’ करा.

औद्योगिक भाग घरांपासून लांब असेल तर तिथे तीन-चार तंबू आणि एक विहीर ठेवा. कामगार शोधणारा वॉकरसुद्धा भटकाच असतो. त्याला वाटेत दोन टाइलच्या आत एखादं वस्तीचं घर मिळालं की इमारतीला शहरातून माणसं मिळतात. ते तंबू सुधारायची गरज नाही. फक्त आग लागू नये म्हणून प्रीफेक्ट मात्र हवा.

रामबाग_तिसरी_गल्ली

दोघांचेही आभार. निर्यातीचा आकडा शून्यच होता. 8 केला. एक वेढा बांधला, तिथली घरं स्थिर आहेत. आता पुढचा प्रश्न पाहून राहिलो: एका वेढ्यात भरपूर बाग, पुतळे, तेल, फर्निचर, सगळं दिलं तर घरं व्हिला झाली, आणि त्याच महिन्यात शहरात दोनशेच्या वर माणसं कमी पडायला लागली. लोकसंख्या तर घटलेली नाही.

सुदामानगर_ई

व्हिलातले लोक काम करत नाहीत. घर इन्सुलावरून (कासाच्या वरची पायरी) व्हिलावर गेलं की त्या घरातले सगळे हात कामगारांच्या यादीतून जातात. ते कर चांगला देतात आणि समृद्धीचा आकडा वाढवतात, पण शहर चालवायला खालचीच घरं लागतात.

व्हिला हवेत तर एक छोटा वेगळा वेढा त्यांच्यासाठी राखा आणि बाकीचे वेढे मुद्दाम इन्सुलावर थांबवा. थांबवायचं साधन म्हणजे त्या वेढ्यातल्या बाजाराला वाइन मिळू द्यायची नाही. बाजारावर उजवं क्लिक करून तो माल बंद करायची सोय मूळ गेममध्ये नाही, म्हणून वाइनचं गोदाम त्या बाजारापासून लांब ठेवा. खरेदीची बाई सुमारे 40 टाइलच्या पलीकडच्या गोदामाकडे जातच नाही.

एक सांगून ठेवतो. वेशीचे दरवाजे जागोजागी लावून शहर चालवणं ही फसवणूक आहे असं मानणारे खेळाडू आहेत. मला ते पटत नाही. पुढच्याच वर्षी, 1999 मध्ये आलेल्या फेरोमध्ये त्याच कंपनीने रस्ता-अडथळा ही चीज अधिकृतपणे दिली. गरज होती हे त्यांनाही दिसलं असणार.

नारायणबाग_जुना_खेळाडू

मॉड चालत असेल तर ऑगस्टस वापरून पाहा. ज्युलियस आणि ऑगस्टस हे दोन्ही सीझर 3 चे मुक्त-स्रोत पुनर्निर्माण आहेत, दोघांनाही मूळ गेमच्या फायली लागतात. ज्युलियस मूळ वागणूक जशीच्या तशी ठेवतो, फक्त मोठ्या पडद्यावर नीट चालतो. ऑगस्टसमध्ये खरे रस्ता-अडथळे आहेत आणि कोणत्या वॉकरला सोडायचं तेही निवडता येतं. ऑगस्टसमध्ये सेव्ह केलेलं शहर मूळ गेममध्ये उघडेल असं धरू नका, जुन्या सेव्ह फायलींची प्रत आधी बाजूला काढा.

छत्रीबाग_1989

देवांचा मुद्दा राहिला. मर्क्युरी हा व्यापाराचा देव रागावला तर गोदाम आणि कोठारातला माल नाहीसा होतो. मडकी अचानक गेली आणि काफिला आलेला नसेल, तर संदेशांची यादी वाचा. पाचही देवांना देवळांची संख्या सारखी ठेवा. कोणा एकाची कमी असली की तोच रुसतो. लोकसंख्या वाढली की पाचांनाही एकेक देऊळ एकदमच वाढवा.

आता सिमसिटी 4. गेम 2003 चा आहे आणि एकाहून जास्त कोअरवर तो स्थिर राहत नाही. टास्क मॅनेजरच्या तपशिलांच्या पानावर जाऊन त्याची अफिनिटी (कोणते कोअर वापरायचे ती निवड) एकाच कोअरवर ठेवा. दर वेळी करायचं नसेल तर शॉर्टकटमध्ये सीपीयू-काउंट 1 ची सूचना टाका. तेवढ्याने बहुतेक वेळा थांबतं.

फुगलेले प्रवासी म्हणजे ‘कायमचे प्रवासी’. तीन शहरं एकमेकांना गोलाकार जोडलेली असली की माणूस पहिल्या शहरातून कामासाठी दुसऱ्यात जातो. दुसऱ्यात गणित सुरू होताच त्याला नोकरीपेक्षा तिसऱ्या शहराची हद्द जवळ दिसते, तो तिकडे जातो, तिथून परत पहिल्यात. त्याला काम कधीच मिळत नाही, पण प्रत्येक शहर त्याला पुन्हा मोजत राहतं. जोडण्यांचं वर्तुळ तोडा. शहरं झाडाच्या फांद्यांसारखी जोडा, आणि जिथे कामगार आत येतात त्या हद्दीपाशीच कारखाने किंवा दुकानं ठेवा, म्हणजे तो दुसऱ्या हद्दीपर्यंत पोचणार नाही. सोबत नेटवर्क ॲडऑन मॉड बसवा. मूळ गेम वाट निवडताना वेळेपेक्षा अंतराला महत्त्व देतो, त्यामुळे हायवे रिकामा राहतो आणि गल्ल्या तुंबतात. मॉडमधला वाहतुकीचा हिशेब ते सुधारतो.

पैसा संपत असेल तर दोन सवयी. कमी घनतेच्या वस्तीला पाणी लागत नाही, सुरुवातीला नळ टाकूच नका. आणि शाळा किंवा दवाखाना बांधल्याबरोबर त्यावर क्लिक करून स्थानिक निधी खाली आणा. क्षमता विद्यार्थ्यांच्या किंवा रुग्णांच्या संख्येपेक्षा थोडीच वर राहू द्या. पूर्ण निधीवर पाच रिकाम्या शाळा ठेवल्या की छोटं शहर बुडतं.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाबद्दल. सिमसिटीच्या मुळाशी, तिचा निर्माता विल राइट याने वापरलेलं, जे फॉरेस्टर या अभ्यासकाचं 1969 चं गणिती प्रारूप आहे. त्यात शहर म्हणजे आकड्यांचे साठे आणि त्यांच्यातले प्रवाह. म्हणून तिथे बिघाड आलेखात दिसतो. सीझर 3 मध्ये बिघाड रस्त्यावर चालताना दिसतो. घरावर उजवं क्लिक केलं तर ते का चढत नाही याचं नेमकं कारण लिहून येतं, वॉकरवर केलं तर तो शहराबद्दलची तक्रार बोलतो. त्रास आणि ओढ दोन्ही त्या बाजारवालीत आहेत. ती गल्ली चुकते म्हणून चिडचिड होते, आणि ती कुठे चुकली हे डोळ्यांनी दिसतं म्हणून माणूस पुन्हा बसतो.

इंदूरकरांसाठी एक जोडतो. नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी 1918 मध्ये होळकर दरबाराला आपल्या शहराचा अहवाल दिला. जुनी वस्ती सरसकट पाडून सरळ रस्ते काढायला त्यांचा विरोध होता. आधी गल्लीत हिंडून पाहायचं, मग अडणारी तेवढीच भिंत काढायची, अशी त्यांची पद्धत. जाळी मोडताना तेच करा. गेमचा वेग कमी करा, एका बाजारवालीच्या मागे पाच फेऱ्या जा, ती कोणत्या चौकात सुटते ते कागदावर मांडा, आणि फक्त त्या चौकातली एक टाइल रस्ता काढा.

रामबाग_तिसरी_गल्ली

हे आज रात्री करतो. एकच विचारतो: रस्त्याची टाइल काढली तर त्या तुकड्यावरच्या प्रीफेक्टचा रस्ता तुटणार नाही ना?

छत्रीबाग_1989

काढण्याआधी दोन्ही टोकं दुसऱ्या वाटेने जोडलेली आहेत का ते पाहा. जोडलेली असतील तर इमारतींना माणसं आणि माल मिळत राहतो. प्रीफेक्टची फेरी मात्र बदलेल, म्हणून काढल्यावर आगीच्या धोक्याचा ओव्हरले (शहरावर धोका खांबांनी दाखवणारं दृश्य) लावा आणि निदान एक वर्ष तो चालू ठेवून पाहा. जिथे खांब उंच व्हायला लागतील तिथे प्रीफेक्टची दुसरी चौकी बांधा, तिला 6 माणसं लागतात. ती बसेपर्यंत दुसरी टाइल काढू नका.