मैल गेले, मिनिटं आली

व्हीएचा (अमेरिकेतल्या माजी सैनिकांसाठीच्या सरकारी खात्याचा) दवाखाना ४० मैलांच्या आत असेल तर माजी सैनिकाला व्हीएच्या खर्चाने गावातल्या रुग्णालयात जाता येत नाही, असं म्हटलं जातं. ते २०१४च्या चॉइस कायद्यातलं झालं. २०१८चा मिशन कायदा लागू झाल्यावर, म्हणजे जून २०१९पासून, अंतर मिनिटांत मोजतात. नेहमीच्या डॉक्टरसाठी किंवा मानसिक उपचारांसाठी सरासरी ३० मिनिटांहून जास्त गाडी चालवावी लागत असेल, तज्ज्ञासाठी ६०, तर जवळचं खासगी रुग्णालय मागता येतं. जवळ असूनही तारीख मिळत नसेल तर अनुक्रमे २० आणि २८ दिवसांची मर्यादा आहे. डोंगराळ भागात याने फार फरक पडतो. नकाशावरचे ३५ मैल बर्फात दीड तासही खातात. मात्र व्हीएची मंजुरी आधी घ्यावी लागते, हे बरेच जण विसरतात.

इमर्जन्सीला ही मंजुरी लागत नाही, पण उपचार सुरू झाल्यापासून ७२ तासांत व्हीएला कळवायचं असतं. आमच्या शेजारच्या निवृत्त नौसैनिकाच्या वेळी नेमका इथेच घोळ झाला. रुग्णालयाला वाटलं घरचे कळवतील, घरच्यांना वाटलं रुग्णालय कळवेल. (२५ खाटांचं रुग्णालय, तिथे बिलिंगला माणसं तरी किती असणार!) मग बिलापायी कित्येक महिने फोनाफोनी. खरं तर रुग्णालय, रुग्ण किंवा त्याच्या वतीने घरचं कुणीही कळवलं तरी चालतं.